डोंग्याला ठोकलेली थाळी

११ मे, रविवार

बियाणंवाल्याने दिलेली ही डायरी जानेवारीपासून वखारीच्या टेबलावर पडून आहे. आतापर्यंत तिच्यात एक फोन नंबर आणि चहाच्या कपाचा गोल डाग, एवढंच. आज लिहायला घेतो. आज जे झालं ते बोलायला माणूस नाही.

सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक डोंगा आला. एकाच खोडातून कोरलेली होडी, दोन माणसं झोपतील एवढी लांब. यंदा उकाई धरणाचं पाणी बरंच खाली गेलं, तेव्हा सागपाड्याच्या टेकडीखाली गाळातून त्याचं टोक वर आलं. मासे धरणाऱ्यांनी कॉलेजात कळवलं. तिथल्या रुचिका मॅडम इतिहास शिकवतात आणि कॉलेजात एक छोटं संग्रहालय उभं करताहेत. त्यांनी डोंगा सरळ माझ्याकडे धानोऱ्याला आणला. जिल्ह्यात जुनं लाकूड निघालं की लोक माझ्याकडेच येतात, यात मला आजवर अभिमानच वाटत आला.

मॅडम म्हणाल्या, "पितांबर शेठ, हा किती जुना आणि कुठला, एवढं सांगा. वीस जूनला उद्घाटन आहे, फीत तुम्हीच कापायची."

बघायला दहा-बारा माणसं जमली होती. मी लाकूड कसं ओळखतो ते सगळ्यांना माहीत आहे. मधल्या बोटाच्या पेराने ठोकायचं, मान तिरपी करून ऐकायचं. साग, सादडा, शिसव, आतून पोखरलेलं, सगळं कळतं. मागे लोक मला 'ठोक्या शेठ' म्हणतात, तेही माझ्या कानावर येतं.

आज मी ठोकलं नाही. म्हणालो, "ओला आहे, सुकू द्या आधी."

दगा माझ्याकडे वीस वर्षं कामाला आहे. तो हळूच म्हणाला, "शेठ, आज ठोकं नही तुम्हीन? ओलं व्हतं तरी ठोकतस तुम्ही."

खरं आहे. ओलं लाकूडही मी ठोकतो.

मंडळी गेल्यावर नळीने गाळ धुवायला लागलो. टोकापासून हातभर अंतरावर, डाव्या अंगाला, काहीतरी चकाकलं. मी नळी बंद केली आणि त्यावर गोणपाट टाकलं.

१२ मे

लिहूनच टाकतो.

चौऱ्याऐंशी साल. मी वीस वर्षांचा. कळसाडीहून बापाशी भांडून निघालो आणि एका लाकूड-ठेकेदाराकडे ओंडके ओढायला लागलो. ठेकेदाराने मला सागपाड्याला ठेवलं. धरण भरल्यापासून त्या टेकडीला तिन्ही बाजूंनी पाणी. बाजार, दवाखाना, शाळा सगळं पलीकडे. अख्ख्या गावाला एकच डोंगा. त्र्याहत्तर साली गावातल्या होळ्याने तो कोरला होता. पाण्यात बुडणारच होता असा एक साग निवडला, सगळ्या घरांनी मिळून तो ओढला आणि होळ्याने तासला. डोंगा गावाचा, वल्हं होळ्याच्या हातात.

मी होळ्याच्याच घरी राहायचो. त्याची बायको हिरीबाई मला नागलीची भाकर आणि मासे वाढायची. तिच्या लग्नाला पाचेक वर्षं झाली होती. पोर नव्हतं. मला ती 'पितू' म्हणायची.

लाकूड ठोकून ऐकायला मला होळ्याने शिकवलं. डोंगा कोरताना तळ किती जाड उरला, हे मोजायला त्याच्याकडे काय होतं? ठोकायचा, ऐकायचा, मग तासायला वाकस उचलायचा. "आधी ठोक, मग हात लाव," म्हणायचा. शाळाशाळांत भाषण देताना मी सांगतो, माझा कुणी गुरू नाही, मला लाकडानेच शिकवलं. टाळ्या पडतात.

मी आल्यावर थोड्याच दिवसांत डोंग्याला बोटभर चीर गेली. होळ्याकडे पत्रा नव्हता. त्याने हिरीबाईची जेवायची जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची थाळी उचलली, दगडावर सपाट केली, डांबर लावलं आणि ठोकून बसवली. चार खिळे. थाळी मी धरली होती. हिरीबाई कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "आता डोंगा जेवू दे, मी उपाशी." पुढे महिनाभर ती पळसाच्या पानावर जेवली आणि रोज नवऱ्याला टोमणे मारत राहिली. आम्ही दोघं हसायचो.

त्याच वर्षी मे महिन्यात होळ्या नवापूरच्या बाजाराला गेला. पलीकडे उतरून डोंगा बांधून ठेवला. ठेकेदाराचे चोरीचे ओंडके त्याच दिवशी हलवायचे होते. तो मला म्हणाला, एक फेरी मार, कुणाला कळत नाही. भरदुपारी त्या पलीकडच्या काठावरून मी डोंगा सोडला. दोन्ही बाजूंना ओंडके बांधले. टेकडीजवळ वारा उठला. ओंडक्यांनी डोंगा खाली ओढला. मी पोहून बाहेर आलो. ठेकेदाराने त्याच संध्याकाळी मला सुरतेच्या ट्रकमध्ये बसवलं आणि तिथल्या वखारीत चिकटवून दिलं. गावात सांगितलं, पोराला सकाळीच पाठवून दिलं. तिथे धंदा शिकलो, पुढे इथे येऊन स्वतःची वखार घातली.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. होळ्या बाजारातून आला तर डोंगा नाही. आदल्या दिवशी लोकांनी त्याला ठेकेदाराशी बोलताना पाहिलं होतं, आणि त्याच्या हातात बायकोसाठी घेतलेलं नवं हिरवं लुगडं होतं. गावाने हिशेब जुळवला. डोंगा विकला, लुगडं आणलं. पंच बसले, होळ्याला गावाबाहेर काढलं. त्याच्या घरचं पाणी कुणी पिईना. ते दोघं सरहद्दीकडच्या डोंगरात निघून गेले. तिथे चर्चच्या लोकांनी आसरा दिला. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव दानियल.

होळ्या मरेपर्यंत म्हणत राहिला, मी विकला नाही.

हे मला ऐकून माहीत आहे. चौकशी मी कधीच केली नाही.

१५ मे

दगाच्या भाच्याचं लग्न. दुपारी वखारीत मी एकटाच.

पक्कड आणि पेचकस घेतला. तीन खिळे सहज निघाले. चौथा निघेना, जणू आतून कुणी धरून ठेवलाय; शेवटी कडेचं लाकूड ओरखडून उपटला. डांबर खरवडलं, थाळी पुसली. बाजारात भांडी विकणारा टोच्याने ठिपके मारून घालतो तशी अक्षरं. 'हिरीबाई होळ्या, सागपाडा, सन ७९.' एकेचाळीस वर्षं पाण्यात राहूनही एक ठिपका बुजलेला नाही.

थाळी टेबलाच्या खणात जुन्या पंचांगाखाली ठेवली.

मनाशी म्हणालो, होळ्या तर गेलाच आता, कुणाचं काय अडलंय? हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी मलाच त्याचा आवाज पोकळ लागला.

१९ मे

शोभाबाई ताट वाढून समोर बसली. माझी बायको फार बोलत नाही, पण बोलली की चुकवता येत नाही.

"तुमले काय व्हयनं? आठ दिन पासून पही ऱ्हायनी मी. कोनं भूत शे त्या डोंगामा?"

"भूतबीत काही नाही. ऊन लागलं."

"ऊन लागनं ते ताक प्या," म्हणाली आणि ताक आणायला उठली. बरं झालं, तिला काही कळलं नाही.

२४ मे

मॅडम भिंग घेऊन आल्या. डोंग्याच्या जाड टोकाला खोडाची वलयं दिसतात, ती त्यांनी टाचण्या लावून मोजली. तास गेला. एकशे चाळीस.

"एकशे चाळीस वर्षं!" त्यांचा चेहरा उजळला. मग थांबल्या. हुशार बाई आहे. "पण हे झाडाचं वय झालं ना शेठ? झाड तोडलं कधी, डोंगा कोरला कधी, हे कसं कळायचं?"

इथे मला खरं बोलायला वाट होती. मॅडमनी दार उघडूनच धरलं होतं.

मी म्हणालो, "घडण बघा ना. असं काम आता कोण करतं? हा तापीवरच्या प्रकाशा तीर्थाच्या घाटावरचा असणार. जुन्या काळी तिथून यात्रेकरू पलीकडे न्यायचे. कुठल्यातरी महापुरात वाहत आला आणि धरण झाल्यावर गाळात गेला. शंभर-सव्वाशे वर्षं धरा."

लगेच लिहून घेतलं त्यांनी. झाडाचं वय खरं, घाट खरा, महापूरही खरे. सगळे खरे तुकडे जोडून मी खोटं उभं केलं. वखारीत जुन्या खांबाला नवा पाय जोडतो, तसंच. सांधा कुठे आहे ते गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

२९ मे

हिरीबाई आली.

डोंगा सापडल्याचं डोंगरापर्यंत पोचलं होतं. दानियलने तिला मोटरसायकलवर बसवून आणलं. चाळिशीचा माणूस, होळ्यासारखेच रुंद खांदे. मॅडमही आल्या होत्या. हिरीबाई वाळून काडी झाली आहे, पण चालणं ताठ. आमच्याशी बोलताना ती त्या बाजूच्या रीतीने सगळ्यांनाच 'तू' म्हणते.

वखारीच्या दारातच थांबली आणि आधीच सांगून टाकलं. "बाई, मी अजून जवळ नाही गेले. तू लिहून घे. डाव्या अंगाला, टोकापासून हातभर, माझी थाळी ठोकलेली आहे. तिच्यावर माझं नाव आहे. ती असली तर डोंगा आमचा. मग माझ्या माणसाने विकला नाही. बुडाला."

मॅडमनी लिहून घेतलं. हिरीबाई पुढे गेली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी लाकूड चाचपलं. बोटं चिरेवर आली, थांबली, पुन्हा फिरली.

मी तिच्यापासून चार पावलांवर उभा होतो. खण माझ्या मागे होता.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, थाळी नाहीये इथे. चिरा तर जुन्या लाकडाला पडतातच."

हिरीबाईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "तू शेठ आहेस ना इथला? तू धुतलास ना याला? थाळी नव्हती?"

मान तिरपी करून मी तिचं बोलणं ऐकलं. ऐकताना माझी मान अशीच वळते.

"नव्हती," म्हणालो.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, लुगड्याला हात पुसले. "मग हा तो नाही," म्हणाली. दानियल काही बोलायला गेला तर म्हणाली, "शेठ सांगतोय ना, नव्हती. चल."

मी चहा मागवला होता. त्यांनी घेतला नाही.

३० मे

लिहिण्यासारखं काही नाही. दगा विचारत होता, खणाला कुलूप का. मी त्याला सरपण फोडायला पाठवलं.

७ जून

निमंत्रणपत्रिका आल्या. माझ्या नावापुढे 'काष्ठतज्ज्ञ'. धंद्यातल्या मित्रांचे फोन. सगळ्यांशी हसून बोललो. हसणं मला जमतं, ते माझ्या धंद्याचंच हत्यार आहे.

मॅडम डोंगा न्यायला आल्या तेव्हा चिरेजवळ वाकून पाहत होत्या. "शेठ, या चिरेभोवती चार भोकं आहेत. आणि एकाच्या कडेला लाकूड ताजं दिसतंय, ओरखडल्यासारखं."

"धुताना दगाचा ब्रश लागला असेल."

दगा पलीकडेच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "हो, लागना व्हई," म्हणाला आणि निघून गेला. दुपारी चहाला थांबला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१२ जून

दानियल एकटाच आला. मला वाटलं भांडायला आलाय, आणि खरं सांगू, बरंच वाटलं.

पण तो खाली बसला. म्हणाला, "शेठ, तुम्हाला लाकडातलं कळतं म्हणून विचारतो. थाळी गळून पडू शकते का? गाळात कुठे शोधली तर सापडेल का?"

"का रे?"

"आई बदलली. माझ्या बापाचं नाव रोज घ्यायची. कुणी काही बोललं की भांडायची, म्हणायची, तो खोटा नव्हता. त्या दिवसापासून गप्प आहे. काल म्हणाली, दानियल, तुझ्या बापाने विकलाच असेल. मी उगाच एवढी वर्षं लोकांशी भांडले." त्याने हाताने डोळे पुसले, घाम पुसावा तसे. "लोक बोलायचे ते मला चालत होतं, शेठ. ते मी लहानपणापासून ऐकतोय. आई बोलते ते ऐकवत नाही."

मी म्हणालो, थाळी गळू शकते. गाळात शोधून बघ.

तो आभार मानून गेला. आता त्या चिखलात तो थाळी शोधत फिरणार, आणि ती माझ्या गुडघ्याला लागून खणात पडलेली.

होळ्याला गावाने बाहेर काढलं, पण एका घरात तो खरा होता. तिथूनही त्याला मी बाहेर काढलं. पहिल्या वेळी मी वीस वर्षांचा होतो, भ्यालो होतो. या वेळी कुणाला भ्यालो? टाळ्यांना?

१८ जून

खण उघडला. थाळी पिशवीत घातली. शोभाबाई दारात उभी होती.

"जाई ऱ्हायनात?"

"हो."

"थाळी ली लिधी ना?"

तुला कसं कळलं, मी विचारलं. तिने एवढंच सांगितलं की जेवणाचा डबा आणला त्या दिवशी तिला किल्ली टेबलावर दिसली होती. किती दिवस झाले, विचारायची हिंमत झाली नाही.

हिरीबाईचं घर नवापूरच्या पुढे, चढावर. ती अंगणात शेंगा निवडत होती. मी पिशवी तिच्या समोर ठेवली. तिने थाळी बाहेर काढली, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. वाचता येत नाही तिला, पण अक्षरं किती आणि कुठे ते माहीत आहे.

"पितू," ती म्हणाली, "माझी थाळी आणलीस?"

मी तिथेच खाली बसलो. "मावशी, तू मला ओळखलंस?"

"त्याच दिवशी. मान तिरपी केलीस ना. तशी मान होळ्याची होती आणि तुझी. तिसरी मी पाहिली नाही." ती थाळीकडेच बघत होती. "म्हणून तर मानलं मी. दुसरा कुणी म्हणाला असता थाळी नव्हती, तर मी वखार डोक्यावर घेतली असती. पण पितू म्हणतोय. पितूने तर ती थाळी धरली होती. पितू माझ्या घरचं जेवलाय. तो म्हणतो नाही, तर नसेलच."

मी सगळं सांगितलं. ठेकेदार, ओंडके, वारा, सुरत. ती शेंगा निवडत ऐकत होती. मधे एकदाच थांबली.

"मी पाणी भरायला खाली गेले होते त्या दुपारी. कुणीतरी पोहत बाहेर येताना दिसलं. मला वाटलं, म्हशीमागचं पोर आहे."

मग म्हणाली, "ते हिरवं लुगडं मी अंगाला लावलं नाही कधी. दानियलची झोळी केली त्याची."

मी पायाला हात लावायला गेलो तर तिने पाय मागे घेतले.

"मला सांगून काय होणार? मला काय सांगायचं ते होळ्याने सांगितलंच होतं. सागपाड्याला सांग. दोधू पंच अजून आहे. त्याच्या तोंडावर सांग."

"परवा कार्यक्रमात सगळे येतील."

"मग परवा."

निघताना तिने पाणी दिलं. प्यायलो. तिने पाण्याचा तांब्या परत घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

२० जून

मॅडमना सकाळीच सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या, हातातली पत्रिका त्यांनी उलटी ठेवली. मग एकच म्हणाल्या, "मी त्या आजींना म्हणाले होते, थाळी नाहीये." उठून त्यांनी शाल-श्रीफळाचं तबक आत नेऊन ठेवलं.

हॉल भरला होता. सागपाड्याची जुनी माणसं पुढच्या सतरंजीवर, मधे दोधू पंच, नव्वदीला टेकलेला, हातात काठी. हिरीबाई आणि दानियल मागे, दाराजवळ. मी माइक घेतला नाही. आवाज माझा मोठा आहे.

"हा डोंगा प्रकाशाचा नाही. सागपाड्याचा आहे. त्र्याहत्तर साली होळ्याने कोरला. चौऱ्याऐंशी साली मी चोरला, चोरीचे ओंडके बांधले आणि बुडवला. होळ्याने विकला नव्हता. मला लाकूड ऐकायला त्यानेच शिकवलं. आणि महिन्याभरापूर्वी याच्यावरची खूण मीच उपटली." थाळी वर धरली.

कुणीतरी मागून शिवी दिली. बरोबर दिली.

दोधू काठीवर उठला. मला वाटलं काठी मारेल. तो माझ्याकडे न बघता वळला आणि मागे दारापर्यंत गेला. हिरीबाईसमोर उभा राहिला. म्हणाला, "हिरी, पाणी दे."

तिच्या घरचं पाणी बंद करणारा तोच होता. दानियलच्या पिशवीत बाटली होती. हिरीबाईने ती हातात घेतली, तशीच धरून उभी राहिली. मग झाकण काढून दिली. दोधू सगळ्यांदेखत प्यायला. निम्मं पाणी हनुवटीवरून अंगावर सांडलं.

दानियलने हातोडी मागितली. मॅडम म्हणाल्या, थाळी काचेच्या पेटीत ठेवू या का, जपून राहील. हिरीबाई म्हणाली, "तिथेच ठोक. घरी स्टीलच्या आहेत."

थाळी मी धरली. भोकांवर भोकं बसली, चारही. दानियल हातोडी उचलणार तोच हिरीबाई माझ्याकडे वळली. "आधी ठोक."

मधल्या बोटाने ठोकलं. मान तिरपी झाली. महिनाभरात लाकूड सुकलं होतं. तळ सगळीकडे सारखा जाड, कुठेही उणा-अधिक नाही. असा हात मी पुन्हा कुठे ऐकला नाही, आणि हे मी एकेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मग मॅडम पाटीसाठी कागद घेऊन बसल्या. "आजी, डोंग्याचं वय किती लिहू?"

"दानियलपेक्षा बारा वर्षांनी मोठा."

"आणि कोरणाऱ्याचं नाव होळ्या, सागपाडा."

"हां. आणि कुणी बुडवला तेही लिही. नाही लिहिलंस तर लोक पुन्हा आपल्या मनाने ठरवतील."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'बुडवणारा, पितांबर शेठ, धानोरा.'

'शेठ' तेवढं मी खोडायला लावलं.

परत आलो तर दगा वखारीच्या पायरीवर बसलेला. दोन कप चहा समोर, दोन्ही गार झालेले. "कव्हाना बठेल शे मी," म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसलो. गारच प्यायलो.